प्रलयाच्या पाण्याचा हिशेब

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘पाद्री बायबलातला प्रलय घोकत बसले, चर्चने पृथ्वीचा अभ्यास दोनशे वर्षं दाबून ठेवला, शेवटी जेम्स हटनने देवाला बाजूला सारलं आणि भूविज्ञान जन्मलं.’ वाचायला झकास आहे. तपासायला गेलं की पहिल्याच वाक्याला ठेच लागते.

‘पाद्री घोकत बसले.’ थॉमस बर्नेट हा इंग्लंडमधला धर्मगुरूच. 1681 मध्ये त्याचा पृथ्वीवरचा लॅटिन ग्रंथ आला. नोहाच्या काळी सगळी पृथ्वी बुडाली यावर त्याचा पक्का विश्वास, आणि नेमका म्हणूनच त्याला प्रश्न पडला: एवढं पाणी आलं कुठून? त्याने चक्क हिशेब मांडला. डोंगरमाथे बुडवायला निदान आठ समुद्रांचं पाणी लागेल. चाळीस दिवसांच्या पावसात ते भागेना. देवाने तेवढ्यापुरतं नवं पाणी केलं आणि नंतर नाहीसं केलं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. बर्नेटला ती पळवाट वाटली. त्याचं उत्तर असं: आरंभीची पृथ्वी अंड्यासारखी गुळगुळीत होती, उन्हाने तिचं कवच वाळून तडकलं, आतलं पाणी उसळून वर आलं, आणि आजचे डोंगर म्हणजे त्या पडझडीचा राडारोडा. उत्तर साफ चुकलं. पण चमत्काराचा आधार न घेता कारण शोधायची खोड त्याला प्रलयाच्या कथेनेच लावली.

स्टेनोचं उदाहरण तर आणखी बोलकं. 1666 मध्ये लिव्होर्नोजवळ पकडलेल्या अजस्र शार्कचं डोकं फ्लॉरेन्सला आणलं गेलं आणि विच्छेदनाचं काम या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे आलं. माल्टासारख्या ठिकाणी खडकांत सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड आणि या जबड्यातले दात त्याने ताडून पाहिले. हुबेहूब सारखे! ते शार्कचेच दात असणार, असं त्याने 1667 मध्ये छापलं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा आज शाळेत शिकवतात तो नियम 1669 चा. त्याच पुस्तकात त्याने टस्कनीच्या भूमीचा इतिहास बायबलशी जुळवूनही दाखवला. पुढे गडी कॅथलिक बिशप झाला.

‘चर्चने दाबलं’ यात मात्र तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आदम-हव्वाच्या एदेन बागेची बायबलातली कथा रूपक म्हणून वाचल्यावर बर्नेटला दरबारातलं पद गमवावं लागलं. पॅरिसच्या धर्मशास्त्रज्ञांनी 1751 मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँला पृथ्वीच्या इतिहासाबद्दलच्या लिखाणावरून जाब विचारला. त्याने माघारीचं पत्र लिहिलं आणि 1753 च्या खंडात छापलंही. मग 1778 मध्ये, लोखंडी गोळे तापवून ते किती वेळात निवतात ते मोजून, त्याने पृथ्वीचं वय सुमारे 75,000 वर्षं असल्याचं जाहीर केलं. छापखाना कुणाचा? फ्रान्सच्या राजाचा. दाबलेलं असं उसळून येत होतं.

राहिला स्कॉटलंडचा हटन. त्याचा 1788 चा निबंध उघडा. पावसाने माती समुद्राकडे वाहून जाते. नवी जमीन वर आलीच नाही तर एक दिवस पीक उगवायला जागा उरणार नाही. जीवसृष्टीसाठी शहाणपणाने रचलेल्या यंत्रात अशी त्रुटी असेल कशी? तेव्हा जमीन वर उचलणारी शक्तीही असलीच पाहिजे, आणि ती म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णता. या युक्तिवादातून रचनाकार काढून घेतला, तर ‘असलीच पाहिजे’ला आधार उरत नाही.