ज्युरी नानावटी खटल्याने संपवली नाही

दर काही महिन्यांनी तोच मजकूर फिरून समोर येतो. नौदलातल्या कमांडर नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, भावनेच्या भरात त्याला सोडलं. सरकार हादरलं, फेरखटला भरला, त्याला जन्मठेप झाली आणि देशातली ज्युरी पद्धत कायमची बंद झाली. शेवटी ठळक अक्षरांत: ‘भारतातला शेवटचा ज्युरी खटला!’

गोष्ट म्हणून झकास आहे. पण गुन्ह्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला आधी तारखा ओळीने मांडाव्या लागतात, आणि तिथेच ही गोष्ट लंगडायला लागते.

त्या प्रियकराचा, प्रेम आहुजाचा, खून झाला २७ एप्रिल १९५९ रोजी. ज्युरी पद्धत रद्द करावी अशी शिफारस करणारा विधी आयोगाचा चौदावा अहवाल आला सप्टेंबर १९५८ मध्ये. आयोगाचे अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड. म्हणजे मुंबईत गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा देशातल्या सगळ्यात वजनदार कायदेपंडितांनी ज्युरीविरुद्ध आपलं मत देऊन सात महिने झाले होते. हे एवढं एक सोडून बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी ‘नानावटीमुळे’ हा शब्द टिकत नाही.

शिवाय संपवायला ज्युरी देशभर होती कुठे? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या गुन्ह्यांसाठी ज्युरी बसवायची हे प्रांतिक सरकार आदेश काढून ठरवायचं, आणि तसाच आदेश काढून ती मागेही घ्यायचं. अनेक जिल्ह्यांनी ज्युरी कधी पाहिलीच नाही. तिथे न्यायाधीशाच्या जोडीला असेसर बसत आणि त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. ती असेसरांची पद्धतही १९५५ च्या दुरुस्तीने गेली. काही राज्यांनी आपापल्या ज्युरी त्याआधीच गुंडाळल्या होत्या. हे सगळं सरकारी राजपत्रांतून गुपचूप घडत होतं. त्यात ना रिव्हॉल्व्हर, ना प्रेमपत्रं, मग ते कोण कशाला पुढे पाठवेल?

ज्युरीवरचा अविश्वासही १९५९ चा नाही. निदान मराठी वाचकाला हे सांगायची गरज पडू नये. १९०८ साली टिळकांना मुंबई हायकोर्टात दोषी ठरवलं ते न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर बसलेल्या ज्युरीनेच, सात विरुद्ध दोन मतांनी. ते सातही जण युरोपियन होते. ‘ज्युरी म्हणजे जनतेचं न्यायालय’ असं लिहिणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

आता फेरखटल्याबद्दल. फेरखटला झालाच नाही. सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ म्हटलं, इथवर मजकूर बरोबर आहे. पण आपल्याकडच्या ज्युरीचा शब्द इंग्लंडमधल्यासारखा अखेरचा नव्हता. संहितेच्या कलम ३०७ नुसार निकाल न पटल्यास, आणि न्यायासाठी तसं करणं जरुरीचं वाटल्यास, सत्र न्यायाधीशाला प्रकरण हायकोर्टाकडे धाडता येत असे. न्यायाधीश मेहता यांनी नेमकं तेच केलं. समोरचा पुरावा पाहता कुणीही समंजस माणसं असा निकाल देणार नाहीत, असं त्यांचं मत होतं. हायकोर्टात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी आधीच नोंदवलेला पुरावा तपासला आणि खुनाबद्दल जन्मठेप दिली. नवी ज्युरी नाही, नव्याने साक्षी नाहीत. जो कायदा ज्युरी बसवत होता, त्याच कायद्यात तिला ओलांडायची वाटही होती.

‘भावनेच्या भरात’ हा आरोप मला पूर्ण खोडता येत नाही. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने नानावटीच्या बाजूने उठवलेलं रान खरंच होतं. पण हायकोर्टापुढे मुद्दा नुसत्या भावनेचा नव्हता. सत्र न्यायाधीशाने ज्युरीला कायदा समजावून सांगताना गंभीर चुका केल्या, असं न्यायमूर्ती शेलत यांनी धरलं. चुकीचं समजावून सांगितलेल्या माणसांनी चुकीचं उत्तर दिलं, तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला शिक्षा कायम केली. त्या निकालातला कळीचा भाग घड्याळाचा आहे. नानावटी दुपारी दीडला घरातून निघाला, बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. जवळपास तीन तास गेले होते, तेव्हा ‘अचानक प्रक्षोभ’ हा बचाव कोर्टाने मानला नाही.

सरकार हादरलं म्हणे! हायकोर्टाचा निकाल लागला त्याच दिवशी, ११ मार्च १९६० ला, राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती देऊन नानावटीला नौदलाच्या ताब्यात ठेवलं. अपील सुरू असताना असा आदेश चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं. पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफीही दिली. ज्युरीने याला सोडला म्हणून जे सरकार धास्तावलं, त्याच्याच राज्यपालांनी त्याला दोनदा हात द्यावा?

शेवटचा खटला ही गोष्टही खोटी. त्यानंतरही कलकत्त्यात ज्युरी बसत होती. देशभरच्या फौजदारी खटल्यांतून ती गेली १९७३ च्या नव्या संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. म्हणजे खुनानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी.

उरला शब्द ‘कायमची’. तोही फक्त फौजदारी न्यायालयांपुरता खरा. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा १९३६ चा आहे, आणि त्याखाली पारशांच्या वैवाहिक खटल्यांत न्यायाधीशाबरोबर ज्युरीसारखेच समाजातले प्रतिनिधी बसतात. आधी सात बसत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. नानावटी स्वतः पारशी होता, हे त्या मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा माहीत असावं. हा कायदा मात्र माहीत नसावा.