उमेदवारीची दुसरी बाजू

उमेदवारीवरच्या लेखात, जुन्या इंग्लंडमधली उमेदवारी (उस्तादाच्या हाताखाली राहून धंदा शिकणं) म्हणजे उस्ताद-शागिर्दाचं जिव्हाळ्याचं नातं, असं म्हटलं आहे. मला ते अर्धंच पटलं. १५६३ च्या कायद्याने कारागिरीसाठी किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची झाली. करार एकाच कागदावर दोनदा लिहून मधून दातेरी कापत, म्हणजे दोन्ही तुकडे जुळले की अस्सल. केवढी साधी, केवढी हुशार युक्ती! पण त्यातल्या अटी वाचा: लग्न करायचं नाही, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, धन्याची गुपितं फोडायची नाहीत. बदल्यात अन्न, निवारा आणि हुन्नर. शिवाय चांगल्या धंद्यात पोराला घालायचं तर पुष्कळदा बापालाच आधी पैसे मोजावे लागत.

ज्यांना बापच नव्हता, त्यांचं काय? अशा कितीतरी अनाथ मुलांना ‘उमेदवार’ म्हणून सूतगिरण्यांत धाडलं गेलं. तिथे हुन्नर नव्हता, नुसते कष्ट होते. १८०२ च्या कायद्याने त्यांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, पण ती पाळली जाते का हे बघणारी धड यंत्रणाच नव्हती. या मुलांबद्दल लेखात एक परिच्छेद तरी हवा होता.