मेलेल्या जंगलासाठी शोक कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कळकळीची आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देते. अमेरिकेतल्या अलास्कामधल्या यलो सीडर या सूचिपर्णी झाडाच्या जंगलांवर लिहिताना मी म्हटलं होतं की हवामान बदलाने मेलेल्या जंगलासाठी उघडपणे शोक करायला हवा, त्याचा मान राखायला हवा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झाडांसाठी गळा काढणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, जंगलं मरतात तशी पुन्हा उगवतातही, आणि रडण्यात जाणारा वेळ रोपं लावण्यात गेला तर काहीतरी हाती लागेल. तुम्ही स्वतः लागवडीचं काम करता, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा तुम्ही उगाच बोलायचं म्हणून मांडलेला नाही, हे मला कळतं.

आधी चैनीबद्दल. पर्यावरणाच्या ऱ्हासातून येणाऱ्या शोकावर ॲशली कन्सोलो आणि नेव्हिल एलिस या संशोधकांनी २०१८ मध्ये एक निबंध लिहिला. तो ज्यांच्या अनुभवावर उभा आहे ती माणसं कोण? कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचे इन्युइट हे मूळ रहिवासी, ज्यांच्या शिकारीच्या वाटा समुद्रावर गोठलेल्या बर्फावरून जातात, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातले गहू पिकवणारे शेतकरी. यात पोट भरल्यावर हळहळणारं कोणीच नाही. ज्याचं जगणं त्या जमिनीत गुंतलेलं असतं, घाव आधी त्यालाच बसतो.

यलो सीडरचंही तेच. आग्नेय अलास्कातले ट्लिंगिट आणि हायडा या मूळ रहिवासी समाजांतले विणकर या झाडाची आतली साल विणकामासाठी वापरतात. झाडात रस चढू लागला की साल सुटी होते. बुंध्याशी थोड्या रुंदीची आडवी चीर द्यायची, सालीचं टोक हातात धरून मागे मागे सरकत ओढत राहायचं. पट्टी वर वर निमुळती होत जाते आणि शेवटी आपोआप सुटून खाली येते. मग बाहेरचा खरबरीत थर सोलून टाकायचा आणि आतला मऊ थर वाळवायचा. साल एकाच बाजूची घेतात, म्हणजे झाड जगतं आणि तो व्रण अंगावर घेऊन पुढची शेकडो वर्षं वाढत राहतं. असे जुने व्रण असलेली झाडं आजही त्या जंगलांत सापडतात. मेलेल्या झाडाची साल मात्र अशी निघत नाही. तिथल्या विणकराला तुम्ही ‘कशाला रडता’ असं विचाराल, असं मला वाटत नाही.

आता ‘पुन्हा उगवतं’बद्दल. बऱ्याच जंगलांच्या बाबतीत ते खरं आहे. पण यलो सीडर कशाने मरतं ते नीट पाहिलं तर इथे ते का लागू पडत नाही हे कळेल. हे झाड हजार वर्षंही जगू शकतं. मर कशामुळे लागली हे शोधताना वनसंशोधक पॉल हेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी, किडे, सूत्रकृमी असे सगळे संशयित तपासले. कोणीच दोषी निघेना. शेवटी उत्तर मिळालं ते मुळांपाशी. पाणथळ जमिनीत या झाडाची मुळं अगदी वरच्या थरात पसरतात आणि हिवाळा संपायच्या आधीच थंडीची तयारी सोडून कामाला लागतात. पूर्वी तेव्हा जमिनीवर बर्फाची जाड गोधडी असायची, त्यामुळे उशिरा आलेली थंडीची लाट मुळांपर्यंत पोहोचत नसे. हिवाळे उबदार झाले, बर्फाच्या जागी पाऊस पडू लागला आणि मुळं उघडी पडली. मग एखाद्या वसंतात कडाका पडतो आणि मुळं गोठतात. जग तापतंय म्हणून झाड गारठून मरतंय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं वाक्य वाचू शकले नव्हते.

या मरीची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते आणि विसाव्या शतकात ती वाढत गेली. आज अलास्का आणि शेजारचा कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत मिळून लाखो हेक्टरांवर ती पसरली आहे. उंचावर, जिथे बर्फ अजून टिकतो, तिथे यलो सीडर ठणठणीत आहे. प्रजाती संपलेली नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण जिथे ते मेलं तिथे त्याच्या जागी बहुतेकदा हेमलॉकसारखी दुसरी झाडं वर येतात. सीडरची रोपं मुळात कमी उगवतात, आणि जी उगवतात ती हरणं खुडून खातात. थोड्या वर्षांनी तिथे गेलेल्या नव्या माणसाला हिरवंगार जंगल दिसेल आणि इथे काही घडलं होतं याची शंकासुद्धा येणार नाही.

मला शोक हवा आहे तो इथे. नेमकं काय गेलं हे शोक करणाऱ्याला ठाऊक असतं. तो नाकारला की कुठलंही हिरवं कुठल्याही हिरव्याच्या बदल्यात चालतं, आणि मग रोपांचा आकडा जंगलाच्या जागी उभा केला जातो. तुमच्या कामालाही याची झळ बसते. यलो सीडर पुढे कुठे लावावं आणि कुठे जपावं हे वनशास्त्रज्ञ ठरवू शकतात, कारण ते कुठे, कसल्या जमिनीत, किती बर्फाखाली मेलं याचे नकाशे कोणीतरी चिकाटीने केले. त्या मेलेल्या झाडांकडे पाठ फिरवली असती तर रोपं पुन्हा त्याच पाणथळ, बर्फ न टिकणाऱ्या जागी लागली असती.

तुमचा एक मुद्दा मात्र मला खरंच जड गेला: जंगल मेलं असं जाहीर केलं की तोडणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. हा धोका आहेच, आणि इथे तर जास्तच, कारण मेलेलं यलो सीडर कित्येक दशकं उभं राहतं आणि त्याचं लाकूड टिकतं. यावर माझं मत असं की मेलेल्या झाडांचं लाकूड घेऊन जिवंत झाडं खरोखर वाचणार असतील, तर त्यात मला अनादर दिसत नाही. ‘नाहीतरी वायाच जाणार’ म्हणत रस्ते पाडून सगळा डोंगर साफ करण्यात दिसतो. आणि मेलेल्या झाडांच्या आडून शेजारची जिवंत झाडं गेली, तर ती सरळसरळ लूट आहे.

शोक म्हणजे हात टेकणं, हेही मला पटत नाही. २०२१ मध्ये माया लिन या कलावंत-वास्तुरचनाकार बाईंनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये ४९ मेलेली अटलांटिक व्हाइट सीडर झाडं उभी केली. ती न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या जंगलपट्ट्यातली, खारं पाणी आत घुसल्याने मेलेली. शहराच्या मधोमध, हिरव्या उद्यानात, ती उंच करडी खोडं सहा महिने उभी होती आणि माणसं त्यांच्यामधून कामावर जात-येत होती. त्याच प्रकल्पात शहरभर हजार झाडं-झुडपं लावण्याचं कामही होतं. एकाच बाईने दोन्ही केलं, एकाच वेळी.

तुम्ही विचारलंत, मान राखायचा म्हणजे नेमकं करायचं काय? माझ्यापुरतं: जे जंगल आपल्याला ओळखीचं आहे तिथली उभी वठलेली झाडं ‘स्वच्छते’साठी काढू द्यायची नाहीत, कारण पक्षी आणि किडे त्यांच्यात राहतात. दरवर्षी त्याच जागेवरून फोटो काढायचा. तिथल्या वयस्कर माणसांना विचारून कुठलं झाड कुठे होतं ते लिहून ठेवायचं. आणि तिथे चार माणसांनी जमून, काय गेलं ते मोठ्याने सांगायचं, लाज न बाळगता.

एक विनंती आहे. तुम्ही जिथे रोपं लावता तिथे आधी काय होतं, ते कधी आणि कशाने गेलं, हे तुम्हाला माहीत असेल तर इथेच लिहा. मला ते वाचायचं आहे.