‘सगळं एकाच कंपनीचं घ्या’ म्हणे!

सध्या एक मजकूर फॉरवर्ड होत होत सगळीकडे पोचला आहे. त्याचा गोषवारा असा: “फोन ॲपलचा, मेल गूगलचा आणि ऑफिस मायक्रोसॉफ्टवर, अशी सरमिसळ करू नका. यांची कॅलेंडरं एकमेकांशी बोलत नाहीत. कंपन्या ती मुद्दाम बोलू देत नाहीत. जोडायला गेलात तर कॉन्टॅक्ट दुप्पट होतात. सगळं एकाच कंपनीचं घ्या, सिंक चालू करा, डेटा कायमचा सुरक्षित.” (सिंक म्हणजे तीच माहिती सगळ्या उपकरणांवर आपोआप जुळती ठेवणं.) लिहिणाऱ्याला कुठेतरी मनस्ताप झालाय हे उघड आहे. पण रोग एक आणि औषध भलतंच, असं झालंय.

“बोलत नाहीत” हे आधी घेऊ. यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या भाषा असतात. मेलसाठी आयमॅप नावाची भाषा आहे. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली, म्हणजे गूगलचा जन्मही व्हायच्या आधी. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह २००७ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं, कॉन्टॅक्टसाठी कार्डडॅव्ह २०११ मध्ये. यातलं काहीही कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. आयफोनमध्ये गूगलचं खातं जोडलं की मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर अशी वेगवेगळी बटणं दिसतात ना, ती याच तीन भाषांची. अनेकांचं गाडं अडतं ते फक्त एवढ्यावर, की कॉन्टॅक्टचं बटण चालू करायचं राहून गेलेलं असतं.

उलट दिशेला मात्र वाट खडबडीत आहे, हे मान्य. अँड्रॉइडला कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह मुळातून येत नाही. आयक्लाउडचं, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन खात्यातलं, कॅलेंडर तिथे हवं असेल तर डॅव्हएक्स५सारखं ॲप टाकावं लागतं, आणि ॲपलच्या साइटवरून त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड काढून द्यावा लागतो. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकलाही (हा मायक्रोसॉफ्टचा मेल आणि कॅलेंडरचा प्रोग्रॅम) या दोन्ही भाषा येत नाहीत, त्याला पूरक प्रोग्रॅम जोडावा लागतो. नवं आउटलुक जीमेलचं खातं सहज जोडून घेतं, पण त्यासाठी तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते. चालत असेल तर चालू द्या, फक्त जोडताना समोर येणारी सूचना न वाचता ‘पुढे’ दाबू नका.

आता “मुद्दाम बोलू देत नाहीत”. या दाव्यात तथ्य आहे, पण ते शिळं झालंय. २००९ मध्ये गूगलने मायक्रोसॉफ्टकडून ॲक्टिव्हसिंकचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सिंक-भाषेचा, परवाना घेऊन फोनसाठी गूगल सिंक सुरू केलं. डिसेंबर २०१२ मध्ये जाहीर केलं की ३० जानेवारी २०१३ पासून मोफत खातेदारांना त्यावर नवा फोन जोडता येणार नाही. लगेच मार्चमध्ये दुसरी घोषणा झाली: कॅलडॅव्हसुद्धा आता मोजक्याच डेव्हलपरांना मिळेल. आरडाओरडा झाला आणि जूनमध्ये गूगलने माघार घेतली. कॅलडॅव्ह सगळ्यांसाठी खुलं राहिलं, कार्डडॅव्हही खुलं झालं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज फोनला या दोन्ही भाषा शिकवल्या आणि आउटलुक डॉट कॉम या आपल्या मेलसेवेला आयमॅप दिलं. थोरामोठ्यांच्या भांडणात वापरणारे भरडले गेले हे खरं, पण शेवटी दारं उघडलीच.

मग आजही “काल चालत होतं, आज बंद पाडलं” असं का होतं? बहुतेक वेळा पासवर्डमुळे. नुसता पासवर्ड देऊन मेल उचलणारे जुने प्रोग्रॅम कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने थांबवलेत. मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक खात्यांसाठी हे १६ सप्टेंबर २०२४ पासून केलं, गूगलनेही तसंच केलं. खातं काढून पुन्हा जोडलं आणि कंपनीच्याच पानावर लॉगिन केलं की काम होतं. प्रोग्रॅमच फार जुना असेल तर तो बदलावा लागतो. यात प्रतिस्पर्ध्याचा काटा काढण्याचा डाव नाही.

“कॉन्टॅक्ट दुप्पट होतात” या मुद्द्यावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण हा पराक्रम मी स्वतः केलाय. फोन बदलला तेव्हा धास्तीपोटी जुन्या फोनमधून कॉन्टॅक्टची फाइल काढली आणि नव्यात इम्पोर्ट केली. मग खातं जोडलं. नंबर लगेच दिसेनात, म्हणून फाइल परत एकदा इम्पोर्ट केली. रात्रीत सिंक झालं. सकाळी प्रत्येक माणूस तीनदा. मीही तेव्हा सिंकलाच शिव्या घातल्या.

चूक सिंकची नव्हती. सर्व्हरवरच्या प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळखखूण असते. सिंक ती खूण बघतं आणि नोंद आधीच आहे असं दिसलं तर फक्त बदल उचलतं. फाइल इम्पोर्ट करताना मात्र अनेकदा त्या नोंदींना नवी खूण मिळते. मग तुमच्या लेखी जो एकच माणूस, तो यंत्राच्या लेखी तिसराच कुणीतरी. म्हणून इम्पोर्ट करायचं तर एकदाच, एकाच खात्यात, शक्यतो कॉम्प्युटरवरून. मग हात काढून घ्यायचा.

दुसरी गोम म्हणजे नवा नंबर कुठे सेव्ह होतो. फोनला तीन खाती जोडलेली असली तरी नवा कॉन्टॅक्ट जातो मूळ ठरवलेल्या एकाच खात्यात. ते कोणतं, हे सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट अकाउंट’ म्हणून लिहिलेलं असतं, आणि कुणी बघत नाही. निम्मे नंबर आयक्लाउडमध्ये, निम्मे गूगलमध्ये, काही फोनच्याच मेमरीत. लॅपटॉपवर अर्धेच दिसले की माणूस म्हणतो, सिंक होत नाही. सिंक चोख होतंय, पण एका नोंदवहीला दोन धनी झालेत. मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट या प्रत्येकाचं घर एकच असावं. बाकीची उपकरणं म्हणजे त्या घराच्या खिडक्या. घरं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी काही बिघडत नाही.

कॅलेंडरची लिंक देऊन दुसरीकडे सबस्क्राइब करणं हे सिंक नव्हे, हेही सांगून टाकतो. ते फक्त बघण्यापुरतं असतं, आणि गूगल कॅलेंडरमध्ये अशी लिंक ताजी व्हायला कित्येक तास लागू शकतात. सुट्ट्यांच्या यादीला ठीक, तासाभरात पुढे ढकललेल्या मीटिंगला निरुपयोगी.

गंमत म्हणजे खरोखर जिथे ठेच लागते ते त्या मजकुरात नाहीच. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला दोन लेबलं असली की आयमॅपवर तोच मेल दोन फोल्डरांत दिसतो, आणि माणूस एक ‘जादा’ म्हणून उडवतो. वेळेचं तर विचारूच नका. जवळपास सगळं जग टाइम झोनला ‘युरोप/पॅरिस’ अशा नावाने ओळखतं, विंडोज त्यालाच ‘रोमान्स स्टँडर्ड टाइम’ म्हणतं. (प्रेमाचा काही संबंध नाही, माद्रिद आणि ब्रसेल्सही त्यातच आहेत.) भाषांतर चुकलं की मीटिंग तासभर सरकते. आउटलुकमध्ये दिवसभराचा कार्यक्रम हा मध्यरात्र ते मध्यरात्र असा मांडला जातो, त्यामुळे टाइम झोन बदलला की वाढदिवस दोन दिवसांवर पसरलेला दिसू शकतो. आणि हे एकाच कंपनीची सगळी यंत्रं घेऊनही टळत नाही, कारण मीटिंग बोलावणारा कोणत्या कंपनीचं कॅलेंडर वापरतो हे तुमच्या हातात थोडंच आहे?

राहिला शेवटचा दावा, “सिंक म्हणजे डेटा सुरक्षित”. हा सगळ्यात घातक. सिंक जसं नवा नंबर सगळीकडे पोचवतं, तितक्याच इमानाने डिलीटही सगळीकडे पोचवतं. फोनवर चुकून उडवलं की लॅपटॉपवरूनही गेलं. गूगल कॉन्टॅक्टमध्ये मागच्या ३० दिवसांपर्यंतची स्थिती परत आणता येते, आयक्लाउडच्या साइटवरही कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरच्या जुन्या प्रती मिळतात, पण वेळेत लक्षात आलं तर. आणि सगळं एकाच खात्यात असेल व तेच लॉक झालं, तर तिन्ही गोष्टींना एकदमच टाळं. म्हणून अधूनमधून कॉन्टॅक्टची व कॅलेंडरची फाइल डाउनलोड करून खात्याबाहेर कुठेतरी ठेवावी. तिला बॅकअप म्हणतात.

तुमचे नंबर नेमके कुठे राहतात हे बघायचंय? फोनवर ‘चाचणी’ नावाने एक खोटा नंबर सेव्ह करा आणि थोड्या वेळाने ब्राउझरमधून तुमच्या प्रत्येक खात्यात लॉगिन करून तो शोधा. सापडला ते खातं म्हणजे तुमचं घर. कुठेच सापडला नाही, तर तुमचे नवे नंबर फक्त त्या फोनमध्ये आहेत. तो हरवायच्या आत डीफॉल्ट अकाउंट बदला, आणि आधीचे नंबर खात्यात हलवा. एकदाच.