ट्रम्प यांची चौकशी आणि ‘अन्याय’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ट्रम्प यांच्या २०१९ च्या महाभियोगावरच्या (युक्रेनची मदत रोखून त्यांनी बायडेन यांच्या चौकशीसाठी दबाव आणला, असा आरोप होता) माझ्या लेखाला तुम्ही जवळजवळ लेखाएवढीच प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून तिथे खाली चार ओळी न टाकता वेगळं उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चौकशी मतदान न घेताच सुरू झाली, साक्षी तळघरात बंद दाराआड झाल्या, राष्ट्राध्यक्षांच्या वकिलाला आत घेतलं नाही, जागल्याची (म्हणजे ज्याच्या तक्रारीवरून प्रकरण उघड झालं त्या आतल्या माणसाची) उलटतपासणी होऊ दिली नाही. आणि हे सगळं मी ‘तांत्रिक कुरकुर’ म्हणून उडवून लावलं, कारण मला ट्रम्प आवडत नाहीत.

ट्रम्प मला आवडत नाहीत, हे खरंच आहे. पण बाकीच्या चार मुद्द्यांचं वजन सारखं नाही. शिवाय तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुमच्या यादीत आलेलाच नाही.

आधी मतदान. २४ सप्टेंबर २०१९ ला प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती, डेमोक्रॅट नॅन्सी पेलोसी यांनी नुसती घोषणा केली, ठराव मांडला नाही. निक्सन यांच्या वेळी (१९७४) ठराव ४१० विरुद्ध ४ असा मंजूर झाला होता. क्लिंटन यांच्या वेळी (१९९८) २५८ विरुद्ध १७६, आणि त्या २५८ मध्ये ३१ डेमोक्रॅट होते. म्हणजे प्रघात मोडला गेला, यात शंका नाही. मात्र घटनेत अशा मतदानाची अट कुठेही नाही, आणि न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी २५ ऑक्टोबरच्या निकालात तेच सांगितलं. पुढे ३१ ऑक्टोबरला मतदान झालंच, २३२ विरुद्ध १९६. त्यानंतर काय बदललं? व्हाइट हाउसचे वकील पॅट सिपोलोन यांनी ८ ऑक्टोबरच्या पत्रात असहकाराचं जे पहिलं कारण दिलं होतं ते संपलं, असहकार मात्र तसाच चालू राहिला. खरी हरकत मतदानाचीच असती, तर ठरावानंतर निदान एखादा कागद तरी बाहेर आला असता.

आता तळघर. यावर जरा थांबतो, कारण टीव्हीवर सगळ्यात जास्त हेच दिसलं. २३ ऑक्टोबरला मॅट गेट्झ यांच्या पुढाकाराने वीस-पंचवीसहून अधिक रिपब्लिकन सदस्य कॅपिटॉलच्या तळघरातल्या त्या सुरक्षित दालनात घुसले आणि संरक्षण खात्यातल्या अधिकारी लॉरा कूपर यांची साक्ष सुमारे पाच तास रखडली. घुसणाऱ्यांपैकी काहींना तिथे बसण्याचा हक्क आधीपासूनच होता! चौकशी तीन समित्यांकडे होती. त्या समित्यांवरचे रिपब्लिकन सदस्य रोज आत बसत होते, प्रश्न विचारत होते, त्यांचे कर्मचारी वकीलही विचारत होते. बाहेर ठेवले गेले ते समितीवर नसलेले सदस्य आणि सरकारी खात्यांचे वकील. हे नियम डेमोक्रॅटांनी ट्रम्प यांच्यासाठी घडवले नव्हते. लिबियात बेंगाझी इथल्या अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्याच्या चौकशीत रिपब्लिकनांनी असेच जबाब घेतले होते, आणि २०१५ मध्ये समितीचे अध्यक्ष ट्रे गाउडी यांनी स्वतःच्याच पक्षाच्या डॅरेल इसा यांना अशाच एका जबाबातून बाहेर काढलं होतं, कारण इसा त्या समितीवर नव्हते.

पण १९७४ आणि १९९८ मध्ये वकिलांना आत घेतलं होतं, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. निक्सन यांचे वकील जेम्स सेंट क्लेअर न्यायिक समितीपुढे हजर असत. क्लिंटन यांचे वकील डेव्हिड केंडल यांनी तर खुद्द केनेथ स्टार या विशेष अभियोक्त्यांना प्रश्न विचारले. फक्त हे कोणत्या टप्प्यावर झालं तेही बघा. समितीपुढे प्रकरण येण्याआधी विशेष अभियोक्त्यांनी महिनोन्‌महिने ग्रँड ज्युरीसमोर (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) साक्षी नोंदवल्या होत्या. ग्रँड ज्युरी म्हणजे पूर्ण बंद दार. तिथे साक्षीदाराचा स्वतःचा वकीलही दाराबाहेर उभा असतो. मोनिका लेविन्स्की यांची साक्ष झाली तेव्हा क्लिंटन यांचं कोणी आत नव्हतं. २०१९ मध्ये युक्रेन प्रकरणासाठी विशेष अभियोक्ताच नव्हता, म्हणून तो पहिला टप्पा प्रतिनिधीगृहाने स्वतः केला. तेव्हा तुलना करायची तर तळघराची ग्रँड ज्युरीशी करा. न्यायिक समितीशी तुलना करायची तर डिसेंबरची करा, आणि डिसेंबरमध्ये ट्रम्प यांच्या वकिलांना निमंत्रण होतं. त्यांनीच ते नाकारलं.

आपल्या घटनेच्या अनुच्छेद ६१ चा तुमचा दाखला चांगला आहे. आपल्या राष्ट्रपतींना चौकशीत हजर राहण्याचा आणि प्रतिनिधी देण्याचा हक्क तिथे लिहूनच ठेवलाय. अमेरिकी घटनेत असं एक अक्षर नाही, प्रत्येक सभागृह आपले नियम आपण ठरवतं. व्यवस्था आपली बरी, असं मलाही वाटतं. (ती वापरण्याची वेळ मात्र अजून एकदाही आलेली नाही.)

जागल्याबद्दल थोडक्यात. ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्यातल्या २५ जुलैच्या फोनची टिपणं व्हाइट हाउसनेच प्रसिद्ध केली आणि तो फोन स्वतः ऐकलेले लोक शपथेवर बोलले. त्यानंतर तक्रारदाराला खुर्चीत बसवून हाती काय लागणार होतं? त्याचं नाव, एवढंच.

आता तुम्ही न मांडलेला मुद्दा. सभागृहाच्या नियमानुसार अल्पमताला स्वतःच्या पसंतीचे साक्षीदार बोलावण्यासाठी एक दिवस मागता येतो. रिपब्लिकनांनी तो न्यायिक समितीत मागितला. अध्यक्ष जेरी नॅडलर यांनी महाभियोगाची कलमं (म्हणजे आरोप) मंजूर होण्याआधी तो दिला नाही. त्याहून वाईट म्हणजे चार्ल्स कुपरमन यांचं प्रकरण. ते ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांचे उपप्रमुख. समन्स आलं तेव्हा ते न्यायालयात गेले आणि म्हणाले, समितीचं ऐकू की राष्ट्राध्यक्षांचं, तेवढं सांगा. निकालाची वाट बघण्याऐवजी डेमोक्रॅटांनी समन्सच मागे घेतलं. बोल्टन यांना तर समन्स काढलंच नाही. घोषणेपासून कलमांवरच्या १८ डिसेंबरच्या मतदानापर्यंत तीन महिनेही झाले नव्हते. रिपब्लिकनांनी बोलावलेले प्राध्यापक जोनाथन टर्ली यांनी नेमकं याच घाईवर बोट ठेवलं होतं. माझ्या मते त्या सगळ्या चौकशीतला हा एकच आक्षेप असा, की ज्याला टिकाऊ उत्तर मिळालं नाही. न्यायालयात वर्ष गेलं असतं, हे डेमोक्रॅटांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मुख्य साक्षीदाराशिवाय खटला सिनेटकडे पाठवला तो त्यांनीच, आणि ३१ जानेवारी २०२० ला सिनेटने ४९ विरुद्ध ५१ मतांनी साक्षीदार बोलवायचं नाकारलं तेव्हा ‘हे काम तुमचं होतं’ असं म्हणायची सोयही त्यांनीच करून दिली.

‘बायडेन असते तर असंच लिहिलं असतं का?’ हा तुमचा प्रश्न. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन होतेच की! १२ सप्टेंबरला रिपब्लिकन सभापती केविन मॅकार्थी यांनी मतदान न घेता बायडेन यांच्यावरच्या महाभियोगाची चौकशी जाहीर केली आणि दाखला दिला पेलोसींचा. बायडेन यांच्या व्हाइट हाउसने मतदान नाही म्हणून हरकत घेतली आणि आधार घेतला तो ट्रम्प यांच्याच न्याय विभागाने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या मताचा. बायडेन यांचे पुत्र हंटर बायडेन म्हणाले, माझी साक्ष उघड्यावर घ्या. रिपब्लिकन म्हणाले, आधी बंद दाराआड. १३ डिसेंबरला २२१ विरुद्ध २१२ असा ठराव झाला, तोही पक्षाच्या रेषेवर. तेव्हाही माझं मत हेच होतं: बंद दाराआड जबाब घेणं हा अन्याय नाही, आणि मतदान आधी घेतलेलं बरं.

शेवटी तुम्ही विचारलंत की ट्रम्प यांच्या बाजूने जाणारी एक तरी साक्ष मी वाचली आहे का. व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले अधिकारी टिम मॉरिसन यांची वाचा. ते रिपब्लिकनांच्या यादीतले साक्षीदार होते. फोनवर काही बेकायदेशीर बोललं गेलं असं आपल्याला वाटलं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मग थोडं पुढेही वाचा, वॉर्सामध्ये १ सप्टेंबरला युरोपीय संघातले अमेरिकी राजदूत सोंडलँड झेलेन्स्की यांचे सहायक येरमाक यांच्याशी रोखलेल्या मदतीबद्दल काय बोलले तिथपर्यंत. तेही मॉरिसन यांनीच सांगितलंय. त्यावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा.