अनुदान आहे, अर्थ नाही

इलेक्ट्रिक स्कूटरवर सरकार किती पैसे देतं, हे कोकणात कुणीही कुणालाही विचारतो. विचारायला पैसे पडत नाहीत. उत्तर मात्र बांगड्याच्या भावासारखं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. जून २०२१ मध्ये केंद्राच्या फेम-२ योजनेत बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला, म्हणजे साध्या भाषेत युनिटला, १५,००० रुपये मिळत. मर्यादा कारखान्यातल्या किमतीच्या ४० टक्के. ३ युनिटांच्या बॅटरीला झाले ४५,०००. जून २०२३ मध्ये दर १०,००० वर उतरला आणि मर्यादा १५ टक्क्यांवर. एप्रिल २०२४ मध्ये दर ५,००० आणि जास्तीत जास्त १०,०००. केंद्राच्याच पुढच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५-२६ च्या वर्षात दर २,५०० आणि सगळे मिळून ५,०००. "थांबूया, स्वस्त होईल" म्हणत पडवीत बसलेल्या माणसाचं अनुदान चार वर्षांत चाळीस हजारांनी आटलं. जागेवर बसून एवढा पैसा घालवणं एरवी फक्त भाऊबंदकीच्या दाव्यात जमतं.

राज्याचं खातं वेगळं. २०२१ च्या धोरणात दुचाकीला मूळ अनुदान १०,००० पर्यंत होतं, २०२५ च्या धोरणातही वरची हद्द तीच. शिवाय मोटार वाहन कर माफ. माझ्या मते खरा फायदा या करमाफीचा, कारण ती मागावी लागत नाही. जे मागावं लागत नाही तेच सरकारकडून वेळेवर मिळतं.

केंद्राचं अनुदान चालू असेल, तर त्यासाठी शोरूममध्ये आधारशी चेहरा जुळवतात. मग ई-व्हाउचरची लिंक मोबाइलवर येते. त्यावर आपण सही करायची, विक्रेत्याने करायची आणि त्यानेच ते पोर्टलवर चढवायचं. इथे कोकणी माणूस अडकतो. चेहरा रत्नागिरीत, आधारला जोडलेला नंबर डोंबिवलीच्या थोरल्याचा, आणि थोरला लोकलच्या दांड्याला लटकलेला. शोरूमला निघण्याआधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. एका आधारवर एकाच दुचाकीला अनुदान मिळतं, म्हणून आजीचं आधारकार्ड आधीच कुणी वापरलं नाही ना, हेही घरात विचारून ठेवावं.

टोलमाफीचा आनंद थोडक्यात उरकतो. अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला २२ ऑगस्ट २०२५ पासून, म्हणजे गणपतीच्या पाच दिवस आधी. मुहूर्त झकास. पण माफी मोटारी आणि बसना. स्कूटरला त्या पुलावर टोल भरूनही कुणी घेत नाही.

घाटाचा हिशेब मात्र शिकून घ्यावा. दोन माणसं, एक फणस आणि स्कूटर मिळून २६० किलो धरले, तर सावंतवाडीकडून आंबोलीचा साधारण ६०० मीटर चढ चढायलाच अर्धं युनिट जातं. सपाटीवरचा खर्च वेगळा. उतरताना मोटर उलटी वीज बनवून त्यातली थोडी परत देते, पण बॅटरीत जागा असेल तर. वर पाहुण्यांकडे १०० टक्के चार्ज करून निघालात, तर ती वीज घ्यायला जागा नसते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पोचेपर्यंत लायनर करपल्याचा वास सुटतो. वरून निघताना ८५ टक्के पुरे.

आता मुख्य दुखणं. स्कूटर घरी येते, चार्जर लागतो, लाल दिवा पेटतो. वायरमन येतो, टेस्टर लावतो आणि सांगतो, "काकानू, तुमच्या घराक अर्थच नाय!" आयुष्यभर बायकोने जे सुचवलं, ते हा भाड्याच्या स्टुलावर चढून सांगतो.

अर्थ म्हणजे अर्थिंग, गळकी वीज जमिनीत सोडणारी तार. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाच्या मागे नुसती भिंत. बऱ्याच चार्जरांना अर्थ सापडला नाही की ते वीज घ्यायलाच नकार देतात, आणि ते बरोबर आहे. १६ अँपिअरचं सॉकेट, मीटरपासून वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जादा भार आला की पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी, वीज गळली की ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढं लागतंच. न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मल्टिमीटरवर पाच व्होल्टच्या आत हवा. अर्थासाठी अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ. पण अंगणात खाली जांभा. पहार टणकन परत येते, मजूर चहा मागतो, आणि खड्डा कमरेपर्यंत पोचला की "एवढा पुरे" असं सगळ्यांचं एकमत होतं. ते ऐकू नये. शिवाय जांभा पाणी धरत नाही. मीठ पहिल्याच आषाढात वाहून जातं, जाता जाता पाइप गंजवून जातं. मिठाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारी चिकणमाती भरावी. सबसिडी बॅटरीला मिळते, खड्ड्याला दमडी नाही.

यातून कोकणाचं खास वेळापत्रक तयार होतं. पावसात जमीन भिजलेली, अर्थ उत्तम, पण तारेवर फांदी पडून लाईट गेलेली. मे महिन्यात लाईट असते, तर जमीन कोरडी आणि अर्थ गायब. मग उन्हाळाभर त्या पाइपाच्या तोंडात रोज दोन बादल्या ओतायच्या. विहिरीने तळ गाठलेला असतो, माड सुकलेले असतात, आणि घरधनी नुसत्या मातीला शिंपत उभा. गडग्यापलीकडून शेजारी विचारणारच, "काय लावलंस रे?"

"स्कूटर."