खुलासा: मुंबईच्या काळ्या दगडाची खडी स्लॅबला चालते

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘मुंबई-ठाण्याच्या काळ्या दगडाची खडी आरसीसीला कच्ची, ग्रॅनाइटचीच मागा.’ हे साफ चूक आहे. आपला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. तो ताजा आणि घट्ट असेल तर खडी उत्तम होते. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीचं आयएस ३८३ हे भारतीय मानक दगडाचं गाव विचारत नाही, गुण तपासतं. स्लॅब-कॉलमच्या काँक्रीटसाठी खडीचं आघातमूल्य, म्हणजे ठोके दिल्यावर चुरा होणारा भाग, ४५ टक्क्यांच्या आत हवं. चांगला बेसाल्ट त्याच्या बराच खाली राहतो.

धोका आहे, पण वेगळा. एकाच खाणीत घट्ट थराला लागून कुजलेला, मुरमाड थर असतो. कुठे झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या पोकळ्यांचा दगड लागतो. तो मिसळला की खडी जास्त पाणी पिते आणि ताकद घटते. क्रशरची धूळ खडीवर राहिली तर सिमेंट दगडाला नीट धरत नाही. काचेसारखा बेसाल्ट सिमेंटमधल्या अल्कलीशी (क्षारांशी) प्रक्रिया करू शकतो. त्याची चाचणी आयएस २३८६च्या भाग ७ मध्ये दिली आहे. समितीने बिल्डरकडे मागायचे ते हे चाचणी अहवाल, आणि खाण बदलली की पुन्हा नवे. ग्रॅनाइटसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.